‘जाऊ द्या’चा हिशेब

चार माणसे जेवून उठायच्या बेतात आहेत. बडीशेपेच्या वाटीबरोबर काळ्या पाकिटात बिल येते. पदार्थांची बेरीज दोन हजार, तिच्याखाली बारीक अक्षरांत ‘एस. सी. १०%’ आणि समोर दोनशे रुपये. त्याखाली जीएसटीच्या दोन ओळी, आणि तो कर त्या दोनशेंसकट रकमेवर लावलेला. सेवाशुल्काची ती ‘एस. सी.’ची ओळ ऐच्छिक आहे, असे केंद्र सरकारने एप्रिल २०१७ मध्येच सांगितले होते. हॉटेलांना ती आपोआप लावता येणार नाही, दुसऱ्या नावाने उकळता येणार नाही आणि ती नाकारणाऱ्याला दारातून परतही पाठवता येणार नाही, असा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढला. हॉटेल-संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आदेशाला स्थगिती मिळाली आणि २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. मधल्या आठ वर्षांत ही ओळ मुकाट्याने भरणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती ऐच्छिक असल्याचे ठाऊक होते. तरी भरली, कारण टेबलाशी पाहुणे होते, वेटर शेजारी उभा होता आणि दोनशे रुपयांसाठी मॅनेजरला बोलावणारा माणूस म्हणून त्या चौघांत ओळखले जाण्याची किंमत दोनशेहून जास्त होती.

वाईट सेवा निमूट सोसण्याच्या आपल्या सवयीची चर्चा निघाली की तिचा शेवट बहुधा स्वभावावर होतो. आपण भिडस्त, आपल्याला तोंड उघडायला संकोच, आपण मूग गिळून बसणारे. मराठीत तर या सोसण्याला विनोदाची गादीच दिलेली आहे. मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांच्यावरच्या पु. ल. देशपांडे यांच्या लेखात पुण्यातल्या दुकानदाराने गिऱ्हाइकाकडे कसे दुर्लक्ष करावे, हा धमाल विषय झाला. पुणेरी पाट्या आपण फोटो काढून एकमेकांना पाठवतो. अपमानाचा किस्सा झाला की अपमान निम्मा होतो, हे खरेच. भाषेचीही साक्ष काढता येईल: एखाद्याची टर उडवली, त्याला बनवले, तर आपण त्याचे ‘गिऱ्हाईक केले’ म्हणतो. ज्या भाषेत गिऱ्हाईक होणे म्हणजे फसणे, तिथे ग्राहकाने ताठ मानेने उभे राहावे ही अपेक्षा जरा जास्तच. याला इतिहासाची जोड देणारेही भेटतात. टेलिफोन, गॅस, स्कूटर यांसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेली पिढी होती. मिळाले हेच उपकार, मग कसे मिळाले हे कोण विचारणार? रेशनच्या रांगेत मापाबद्दल बोलणाऱ्याला पुढच्या महिन्यात साखर ‘संपलेली’ असे.

हे सगळे खरे असूनही स्वभावाचे कारण मला पटत नाही. हाच भिडस्त माणूस मंडईत पाहावा. पावशेर मिरचीसाठी तो दहा मिनिटे घासाघीस करतो, किडके वांगे परत टाकतो, वजनकाट्याकडे डोळे वटारून पाहतो आणि वर कोथिंबिरीच्या चार काड्या हक्काने मागतो. तिथे त्याची वाचा बसत नाही. ती बसते बँकेच्या काउंटरपुढे, इस्पितळाच्या बिलिंग खिडकीपुढे, विमा कंपनीच्या फोनवर. जीभ तीच, माणूस तोच. फरक व्यवहारात आहे. भाजीवालीकडे बोललेल्या शब्दाचा निकाल जागच्या जागी लागतो, निकाल देणारी व्यक्ती समोर बसलेली असते आणि शेजारी दुसरा गाळा असतो. बँकेत समोरच्या माणसाच्या हातात काही नसते, ज्याच्या हातात आहे तो दिसत नाही आणि खाते, कर्ज, हप्ते, लॉकर असे सगळे तिथेच अडकलेले असते. म्हणजे गप्प बसणे हा बहुतेक वेळा हिशेब असतो आणि त्या एका माणसापुरता तो बरोबरही असतो. माझे म्हणणे एवढेच, की हा हिशेब बदलल्याखेरीज ‘जागो ग्राहक जागो’च्या जाहिरातींनी फारसे काही होणार नाही.

गप्प बसणारे किती, याचा अंदाज जगात इतरत्रही घेतला गेला आहे. आर्थर बेस्ट आणि ॲलन अँड्रीझन यांनी अमेरिकी शहरांतल्या ग्राहकांची पाहणी १९७७ साली प्रसिद्ध केली. किमतीबद्दलची कुरकुर सोडली, तर लोकांना जाणवलेल्या दोषांपैकी निम्म्याहून कमी दोष विक्रेत्यापर्यंत पोहोचत होते आणि न्यायालय, सरकारी खाते किंवा ग्राहक संघटना अशा तिसऱ्याच्या दारात शंभरातले एखादेच प्रकरण जात होते. तक्रारीसाठी प्रसिद्ध असलेल्या समाजातली ही गोष्ट. तीनचार वर्षांनी विल्यम फेल्स्टिनर, रिचर्ड एबल आणि ऑस्टिन सराट यांनी याची पायरी-पायरीने फोड केली. आपले काहीतरी बिघडले आहे हे आधी ओळखावे लागते, मग ते कुणाच्या तरी चुकीने बिघडले हे ठरवावे लागते आणि मग त्याच्याकडे भरपाई मागावी लागते. प्रत्येक पायरीवर माणसे गळतात. आपल्याकडे पहिल्या पायरीवरची गळती मोठी आहे. पेट्रोलपंपावर मापाची शंका आली तर प्रमाणित पाच लिटरच्या मापात पेट्रोल मोजून दाखवा असे ग्राहक म्हणू शकतो. भेसळीची शंका आली तर फिल्टर पेपर मागू शकतो. ते माप पंपावर असते. पण रांगेत मागे बारा दुचाक्या हॉर्न वाजवत असताना ते मागणारा माणूस क्वचितच दिसेल.

यावर कायद्याचे उत्तर तयार असते आणि ते कागदावर चांगलेच आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला तो नेमका याच अडचणीवर उतारा म्हणून. वकिलाची सक्ती नाही, दिवाणी दाव्याची भानगड नाही. २४ डिसेंबरला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने आणखी सोय केली: माणूस राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, अर्ज घरबसल्या भरता येतो. मालाची प्रयोगशाळेत तपासणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत आणि लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, असा कायद्याचा आग्रह आहे. व्यवहारात तारखांवर तारखा पडतात. २०२१ मध्ये आयोगांवरच्या रिकाम्या जागांची दखल खुद्द सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली आणि न्यायाधिकरणे नको असतील तर सरकारने कायदाच रद्द करावा, इथपर्यंत ऐकवले. मथुरेच्या स्टेशनवर १९९९ मध्ये एका वकिलाकडून दोन तिकिटांचे सत्तरऐवजी नव्वद रुपये घेतले गेले. त्या वीस रुपयांचा निकाल त्याच्या बाजूने लागला तो ऑगस्ट २०२२ मध्ये, वीस रुपये बारा टक्के व्याजाने आणि वर पंधरा हजार. वर्तमानपत्रांनी त्याला चिकाटीचा आदर्श ठरवले. मला ती बातमी उलटी वाचावीशी वाटते. बावीस वर्षे आणि शंभरावर तारखा ही जर वीस रुपयांची किंमत असेल आणि ती परवडायला माणूस स्वतःच वकील असावा लागत असेल, तर बाकीच्यांनी गप्प बसून कोणती चूक केली? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण भित्र्यांनी रचलेली नाही, ती हिशेबी माणसांची आहे.

या हिशेबाची दुसरी बाजू म्हणजे तो समोरच्यालाही येतो. एका माणसाचे तीस रुपये ही तक्रारीच्या लायकीची रक्कम नाही, पण एक कोटी माणसांचे तीस रुपये म्हणजे तीस कोटी. तक्रारीची किंमत रकमेपेक्षा जास्त ठेवली की पुरे. कॉल सेंटरचा अनुभव कुणालाही अनोळखी नाही: भाषा निवडा, मग विषय निवडा, मग संगीत, मग ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’. मराठी निवडूनही पलीकडून हिंदीत सहानुभूती, एक चौदा आकडी तक्रार क्रमांक, आणि दोन दिवसांनी मेसेज: आपल्या तक्रारीचे निवारण झाले असून ती बंद करण्यात आली आहे. काय निवारण झाले ते विचारायचे तर पुन्हा भाषा निवडा. प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि त्याला सगळी कथा पहिल्यापासून. हे सगळे निव्वळ ढिसाळपणातून होते असे मानायला मी तयार नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे ॲप आणि संकेतस्थळांवरच्या फसव्या रचनांचे तेरा प्रकार नियमांत नोंदवले. त्यात सदस्यत्व एका बोटाने घेता येते पण सोडताना भुलभुलैया लागतो हा प्रकार आहे, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजवणारी वाक्येही आहेत. टेबलाशी उभा असलेला वेटर जे नकळत करतो, ते इथे ठरवून, रंग आणि अक्षरे निवडून केलेले असते.

आता एका उदाहरणापाशी जरा थांबावे लागेल, कारण सगळा मुद्दा त्यात आहे. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून वजा झाले, हा प्रसंग घ्या. मशीन घरघरते, खाच उघडत नाही, पडद्यावर व्यवहार अपूर्ण असे येते आणि खिशातला फोन वाजतो: पाच हजार वजा. २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले होते की तक्रार आल्यावर बँकेने सात कामकाजी दिवसांत पैसे परत करावेत, नाहीतर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी. मात्र ग्राहकाने व्यवहारापासून तीस दिवसांत तक्रार नोंदवलेली असली पाहिजे. म्हणजे चूक यंत्राची, नोंद बँकेकडे, पैसे ग्राहकाचे आणि उठून धावायचे ग्राहकानेच. पासबुक महिन्यादोनमहिन्यांनी भरून आणणाऱ्या पेन्शनरला ही भरपाई नव्हतीच. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने हे उलटे केले. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने स्वतःहून पैसे परत जमा करावेत, उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये, आणि तेही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. युपीआयने एका व्यक्तीच्या खात्याकडून दुसरीकडे निघालेले पैसे अडकले तर त्याला एकच दिवस. या दोन परिपत्रकांच्या मधल्या काळात भारतीय माणूस अधिक धीट झाला नव्हता. दर तेच, शंभर रुपये रोज. बदलले ते एवढेच, की गप्प बसणाऱ्यालाही हक्क मिळाला. तक्रार-यंत्रणा चांगली की वाईट हे ओळखायची माझ्या मते हीच कसोटी: बोलणाऱ्याला काय मिळते यापेक्षा न बोलणाऱ्याला काय मिळते ते पाहावे.

याला पहिला आक्षेप दूरसंचार कंपन्यांनी घेऊन झालेला आहे, आणि त्या जिंकल्याही. मधेच तुटणाऱ्या प्रत्येक कॉलमागे एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असे ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाने २०१५ मध्ये ठरवले. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी ठरवून रद्द केला. काही कॉल ग्राहकाच्याच बाजूने तुटतात, मग दोष कुणाचा हे न पाहता दंड कसा, हा युक्तिवाद गैर नव्हता. पण त्यातून निघते ते एवढेच, की दोष कुणाचा याची नोंद जिथे यंत्राकडेच असते तिथे आपोआप भरपाई चालते आणि जिथे नसते तिथे ती आधी उभी करावी लागते. वीज वितरणात अशी नोंद असते. कोणता फीडर किती वाजता बंद पडला आणि किती वाजता सुरू झाला, हे कंपनीला ग्राहकाने सांगायची गरज नाही. २००३ च्या वीज कायद्याने सेवेचे निकष आणि ते मोडल्यास भरपाई यांची तरतूद केली, महाराष्ट्रात राज्य वीज नियामक आयोगाने दरही ठरवून दिले. आपल्या बिलात अशी भरपाई वजा झालेली किती घरांनी पाहिली असेल, याचा अंदाज वाचकांनीच बांधावा.

दुसरा आक्षेप बाजारावर विश्वास असणाऱ्यांचा. तक्रार हवीच कशाला, दुकान बदला. गिऱ्हाईक गेले की दुकानदार आपोआप सुधारतो. किराण्याच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये नायजेरियाच्या रेल्वेचे जे कोडे मांडले ते इथे आडवे येते. उत्तरेतले भुईमुगाचे पीक बंदरापर्यंत नेण्यासाठी रेल्वेला ट्रकांची जोरदार स्पर्धा होती, तरी रेल्वे सुधारली नाही. कारण ज्यांना सेवा खटकत होती, जे आरडाओरडा करू शकले असते, ते सगळे ट्रकांकडे निघून गेले. रेल्वेचा तोटा सरकारी तिजोरी सोसत होती, आणि मागे राहिले ते निमूट सोसणारे. आपल्या शहरांत हे कोडे घरोघर सोडवलेले दिसते. वीज जाते, इन्व्हर्टर बसवला. पाणी गढूळ येते, फिल्टर लावला. पाणीच येत नाही, टँकर बोलावला. पालिकेची शाळा बरी नाही, इंग्रजी माध्यमाची धरली. यातली प्रत्येक खरेदी ही न केलेली तक्रार आहे. ज्याच्या पत्राला वजन असते, ज्याला अभियंत्याचा फोन नंबर माहीत असतो, तोच आधी बाहेर पडतो. त्याच्यासाठी तोडगा स्वस्त असतो. मागे राहणाऱ्याकडे ना इन्व्हर्टर, ना तो नंबर.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. तक्रार केली की ती झिरपत झिरपत तळाशी जाते आणि ज्याचा काही दोष नाही त्या माणसाच्या पगारातून वसूल होते. पाचांपैकी दोन तारे दिले की ॲपचा मालक बिथरत नाही, दुचाकीवरच्या पोराचे काम कमी होते. कॉल सेंटरमधल्या मुलीला आवाज चढवून बोलणे हा बोलकेपणा नव्हे, मुजोरी आहे. गप्प बसणाऱ्यांपैकी कित्येक जण या दयेपोटीच गप्प बसतात आणि त्यांना भित्रे म्हणणे अन्याय होईल. पण तळाच्या माणसाला पुढे करणे हाही त्याच रचनेचा भाग आहे. खिडकीत बसवलेला माणूस भिंतीचे काम करतो. शिव्या त्याने खायच्या, निर्णय मागच्यांनी घ्यायचे. बँका आणि कचेऱ्यांत गांधीजींच्या नावाने ग्राहकाची थोरवी गाणारी पाटी टांगलेली असते. ते वाक्य गांधीजींचे असल्याचा भरवशाचा पुरावा नाही, पण ती वाचत रांगेत उभे राहणाऱ्याला निर्णय घेणाऱ्याचे नाव मात्र कुठल्याच पाटीवर सापडत नाही. लखनौ विकास प्राधिकरणाच्या १९९३ च्या खटल्यात न्यायमूर्ती आर. एम. सहाय यांनी नेमके इथे बोट ठेवले होते. सरकारी संस्थांची सेवाही ग्राहक कायद्याखाली येते हा त्या निकालाचा गाजलेला भाग. पण भरपाई जनतेच्या पैशातून देऊन भागणार नाही, छळाला जबाबदार अधिकारी शोधून त्यांच्याकडून वसूल करा, असेही त्यात म्हटले आहे. सामान्य माणूस लढण्याऐवजी दबावापुढे मान तुकवतो आणि ही असहाय भावनाच समाजाला सर्वांत घातक, हे निरीक्षणही त्याच निकालातले. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात पदनिर्देशित अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांच्या दंडाची सोय आहे. मात्र त्या दंडापर्यंत पोहोचायला अपिलांची पायरी नागरिकानेच चढायची. तलाठ्याकडे उद्या फेरफारासाठी पुन्हा जायचे असलेल्या माणसाने ती चढावी, अशी अपेक्षा आहे.

आणि समाजमाध्यमांवर लोक बोलतात की, असेही म्हटले जाते. बोलतात. ज्याचे अनुयायी पन्नास हजार त्याला तासाभरात ‘कृपया आपला तपशील आम्हाला कळवा’ असे उत्तर येते आणि ज्याचे पस्तीस त्याला यंत्राचे. मोठ्याने ओरडणाऱ्याला पैसे परत देऊन प्रकरण मिटवणे कंपनीला स्वस्त पडते, कारण त्यानंतर नियम बदलावा लागत नाही. ही सेवेत सुधारणा नाही, ओरडण्याचा बाजारभाव आहे.

माणसे मोकळेपणी बोलतात ती वेगळ्याच ठिकाणी. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलेच नाही म्हणून राज्यभरातून हजारो शेतकऱ्यांनी कृषी खात्याकडे तक्रारी दिल्या. एरवी दुकानदाराची उधारी डोक्यावर असल्यामुळे बियाण्याबद्दल चकार शब्द न काढणारी हीच माणसे. त्या हंगामात त्यांचा खर्च कमी झाला होता: शेजाऱ्याचेही रान मोकळे पडलेले होते, पुरावा बांधावरून दिसत होता आणि पंचनाम्याला अधिकाऱ्याने शेतात यायचे होते. बियाण्याची रिकामी पिशवी, तिच्यावरचे लेबल आणि पावती जपून ठेवली असली की काम भागत होते. सदोष बियाण्यासाठी शेतकरी ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच स्पष्ट केले होते, पण एकेकट्याने तिथे जाणे आणि गावाने मिळून पंचनामा मागणे यांत मोठा फरक आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली ती याच जाणिवेतून. पुढच्याच वर्षी उभ्या राहिलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचा किराणा एकत्र घ्यायला सुरुवात केली. एका घरासाठी खडा असलेली तूरडाळ म्हणजे निवडून टाकायची गोष्ट. शेकडो घरांच्या खरेदीत ती व्यापाऱ्याची अडचण होते. तिथे बोलायला धैर्य लागत नाही, कारण बोलणारा एकटा नसतो. महारेरा या गृहबांधणी नियामकाने सलोखा मंच उभारला तेव्हा बिल्डरांच्या बरोबरीने याच पंचायतीला सोबत घेतले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. घर घेणारा एकेकटा बिल्डरपुढे किती टिकतो, हे त्या कार्यालयाला ठाऊक असणारच.

एटीएमच्या त्या परिपत्रकाकडे पुन्हा वळावे लागते, कारण ग्राहकाच्या तोंडावर अवलंबून न राहणारे यासारखे नियम आपल्याकडे फार थोडे आहेत. पाच दिवस, शंभर रुपये रोज, न मागता. पण बँकेने ते दिलेच नाहीत तर काय? परिपत्रकात त्याचीही सोय आहे: ग्राहकाने बँकिंग लोकपालाकडे तक्रार करावी. आज लोकपालाकडे जायचे तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार द्यावी लागते आणि उत्तरासाठी तीस दिवस थांबावे लागते.